बांडीला चालेल तेच झाड

शेवटची भेट झाली तेव्हा सगुणावहिनी एका कुंडीशी भांडत होती. मी सांगलीहून साताऱ्याला तिला बघायला गेले होते. खाटेवर पडून होती, डोळे मिटलेले, बोलणं जवळजवळ बंद. तिच्या नातवाची बायको स्नेहल मोठी गुणी पोरगी. आजीच्या खोलीत जरा हिरवं दिसावं म्हणून तिनं नर्सरीतून ठिपक्याठिपक्यांच्या रुंद पानांचं एक शोभेचं झाड आणलं आणि चकचकीत कुंडीसकट उशाशी ठेवलं. वहिनीनं डोळे उघडले. आधी झाडाकडं बघितलं, मग पायाशी मुटकुळं करून झोपलेल्या मांजराकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्येला आदी भाईर काढ. घरात मांजर हाय." स्नेहल म्हणाली, "आजी, मांजर कुठं झाडं खातं?" तशी वहिनी म्हणाली, "खात न्हाई, म्हणूनच म्हणती. काढ." कुंडी गच्चीवर गेली. मी तोंडाला पदर लावून हसत राहिले, कारण ते वाक्य माझ्या लग्नाच्याही आधीचं होतं आणि त्या वाक्यावरून एकेकाळी आमच्या घरात रामायण झालं होतं.

पुढच्याच आठवड्यात भाच्याचा, विलासचा, फोन आला. "आत्या, आई गेली." मग तोच म्हणाला, "कुंडी अजून गच्चीवरच हाय बरं का." फोनवर आम्ही दोघं आधी हसलो आणि मग रडलो. आता त्याला दोन आठवडे झाले. रडून झालं आहे. खरं सांगायचं तर तिच्याबद्दल रडका लेख लिहायला माझा हातच वळत नाही. जी बाई आयुष्यभर जिंकत आली आणि जिला जिंकल्यावर मिरवायलाही आवडायचं, तिच्यावर डोळे पुसत लिहिलेलं तिलाच खपलं नसतं. वयानं ती माझ्याहून जेमतेम मोठी, म्हणून मोठी भावजय असूनही मी तिला कधी अहो-जाहो केलं नाही. ती मात्र मला शेवटपर्यंत "वन्सं" म्हणायची, आणि चिडली की त्या "वन्सं"ला अशी काही धार यायची की काय सांगू!

आम्ही मूळचे विट्याच्याही पलीकडचे, पाऊस वाट चुकल्यासारखा येतो त्या मुलखातले. आजोबा मेंढरांमागं फिरले. वडील पलटणीत गेले, पेन्शन घेऊन परत आले आणि साताऱ्यात गावाच्या कडेला त्यांनी घर बांधलं. आईनं त्या घराबरोबर स्वतःलाही नवं बांधून घेतलं. लुगडं नेसण्याची ढब बदलली, शेजारणींत बोलताना "हाय"चं "आहे" केलं, "न्हाई"चं "नाही" केलं. घरात जनावर म्हणून ठेवलं नाही. "मेंढरामागची माणसं" हे शब्द तिच्या कानावर पडलेले तिला चालत नसत. त्याऐवजी तिनं अंगणात फुलझाडं लावली. पण गल्लीतल्या शेळ्या कुठं ऐकतात! मोगरा लावला, खाल्ला. जास्वंद लावली, बुंध्यापर्यंत सोलली. टिकली ती फक्त कण्हेर. तिच्या पानाला एकाही शेळीनं तोंड लावलं नाही. मग काय, आईनं कण्हेरीचा सपाटाच लावला. तांबडी, पांढरी, पिवळी. कुंपणाला कण्हेर, दारात कण्हेर, ओसरीवरच्या फुटक्या घागरीतसुद्धा कण्हेर. जवळच महादेवाचं देऊळ होतं. श्रावणात अख्खी गल्ली आमच्या दारात परडी घेऊन उभी राहायची आणि आई पाटलीण असल्यासारखी ओसरीवर बसून फुलं वाटायची. "शेळी तोंड लावत नाही असं झाड लावावं, म्हणजे जिवाला घोर नाही," हा उपदेश ती प्रत्येकीला फुलांबरोबर फुकट द्यायची. त्यामुळे ज्या ज्या घरी जनावर, त्या त्या घरी हटकून कण्हेर, असा आमच्या गल्लीचा थाट झाला होता.

पाकिस्तानशी लढाई संपली आणि दादा, माझा थोरला भाऊ, तोही पलटणीतलाच, सुखरूप परत आला. त्याचं लग्न ठरलं तिकडच्याच, दुष्काळी बाजूच्या घरात. वहिनीचे वडील तेव्हाही मेंढरं राखून होते. आईला ते थोडं खटकलं होतं, पण मुलगी धडधाकट आणि नात्यातली, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. मुलीला आंदण म्हणून वडिलांनी शेळीची एक पाट दिली, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, म्हणून नाव बांडी. वऱ्हाड सर्व्हिस मोटारीनं परत निघालं, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, शेळी टपावर टाका. नव्या नवरीनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि म्हणाली, "मग मीबी टपावर बसती." दादा नवरदेवाच्या फेट्यात घामाघूम झाला. शेवटी बांडी आतच बसली, नवरा-नवरीच्या मधे. घराच्या उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळायला आलेली आई ताट हातात धरून तशीच उभी राहिली. "ही कोण?" "माझं आंदण, आत्याबाई," वहिनी म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आईनं गल्लीकडं एक नजर टाकली, कोण कोण बघतंय ते मोजलं आणि तुकडा ओवाळून टाकला. रात्री मला म्हणाली, "असू दे. आपल्या झाडांना तर ती तोंड लावणार नाही."

सकाळी वहिनी अंगण झाडायला गेली ती केरसुणी हातात धरून उभीच राहिली. मग आत येऊन, डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "आत्याबाई, ह्ये झाड दारात नगं." आईला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली असावी. नव्या सुनेनं पहिल्याच सकाळी सासूच्या देवाच्या झाडाला नावं ठेवायची? "का गं? शेळी तोंड लावत नाही त्याला," आई म्हणाली. वहिनी म्हणाली, "वलं हाय तवर लावत न्हाई, कडू लागतंय. सुकलं की कडूपणा जातो आन् इख तसंच ऱ्हातं. मग खाती. खात न्हाई म्हणूनच म्हणती, काढा." आणि तिनं माहेरची गोष्ट सांगितली. मेंढरं फिरवत नेली की वाटेतले शेतकरी खतासाठी आपल्या रानात ती बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. अशाच एका रानात, मालकिणीनं मोठ्या मायेनं बागेची छाटणी मेंढरांपुढं टाकली होती. दोन दिवस पडून सुकलेली कण्हेर तीत होती. सकाळी वडील उठले तर निम्मा कळप आडवा. "त्या बाईचं बी काय चुकलं न्हवतं," वहिनी म्हणाली. "तिनं चांगल्या मनानंच घातलं हुतं."

आईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते रानातलं. हे देवाचं झाड आहे. त्याला हात लावलास तर तुझं माझं जमायचं नाही." वहिनीनंही आवाज न चढवता सांगून टाकलं, "माझ्या बांडीला काय झालं, तर मी बी हितं ऱ्हायची न्हाई." दादा दोघींच्या मधे उभा होता. लढाईत त्याच्यावर काय काय गुदरलं ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही, पण त्या सकाळइतकं अवघड तिकडं काही नसावं. मी मात्र मनातून खूष होते. त्या घरात आईपुढं ब्र काढायची कुणाची छाती नव्हती आणि ही कालची आलेली पोरगी खुशाल उभी होती.

आता वहिनीचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर आई वरून ओरडेल. न्हाणीच्या सांडपाण्यावर आईची कर्दळ फोफावली होती. वहिनीच्या मुलखात पाणी प्यायला नाही, तिथं कर्दळ कुठली! ती रुंद, तुकतुकीत पानं बघून तिला संशय आला आणि आई देवळात गेल्याची संधी साधून तिनं अर्धा वाफा उपटला. आई परत आली ती थेट न्हाणीकडं. "कुणी केलं हे?" वहिनी छाती काढून म्हणाली, "म्यां. इखारी दिसतंय." "दिसतंय व्हय?" आईनं मागच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं दावं तोडून बांडी उरलेला अर्धा वाफा निवांत खात उभी होती. आईला हसावं की रडावं कळेना. बांडीला काही झालं नाही. उलट चांगली तुकतुकीत झाली. पुढं कितीही वर्षं गेली तरी वहिनी जास्त शहाणपणा करायला लागली की आई एवढंच म्हणायची, "कर्दळ!" आणि वहिनी गप्प व्हायची. त्या एका शब्दापुरती का होईना, आईची सत्ता शेवटपर्यंत टिकली.

असं करत श्रावण आला. बांडी ओसरीच्या खांबाला आखूड दाव्यानं बांधलेली असायची. वहिनी तिला हातानं चारायची, कण्हेरीचं पडलेलं पान न पान वेचून लांब टाकायची. सासू-सुनेत कामापुरतं बोलणं. पण श्रावण म्हणजे आईचा महिना. रोज बेल, रोज फुलं, दर सोमवारी सारी गल्ली दारात. आणि घरच्या देवावरचं निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आई ते एका पाटीत साठवत जायची. देवावरून उतरलेलं केरात कसं टाकायचं! पाटी भरली की देवळामागच्या गुरवाच्या गाईपुढं. गाईच्या मुखी गेलं की देवाला पावलं. सगळ्या गल्लीची तीच रीत होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या आधीच्या वर्षी गुरवाची एक कालवड गेली होती. लोकांनी दृष्ट लागली म्हटलं आणि सोडून दिलं.

एका सोमवारी वहिनी नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी चुलीपाशी होते. आईचा उपास, मन हळवं झालेलं. महिनाभर सून धड बोलत नाही हे तिलाही टोचत होतंच, फक्त बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ओसरीवर बांडी बांधलेली, आईकडं बघून बें करत होती. आईनं देवघरातून पाटी आणली, बांडीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घे गं बाई, देवाचा प्रसाद खा. तू तरी बोल माझ्याशी." हे शब्द मी आतून ऐकले आणि मला बरं वाटलं. आत्ता आठवलं की अंगावर काटा येतो. पाटीत वर ताजा बेल होता. बेल म्हणजे शेळीचं पक्वान्न. आणि बेलाखाली चार दिवसांची, मऊ पडलेली, गोडसर वासाची कण्हेरीची फुलं आणि पानं...

वहिनी परत आली तेव्हा बांडीच्या तोंडाला फेस होता. पाय ताठ करून, मान टाकून पडली होती. वहिनीनं ओल्या धुण्याची बुट्टी तिथंच सोडली. पाटी बघितली. आईकडं बघितलं. आई भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता ही सगळं घर डोक्यावर घेणार, ट्रंक उचलून माहेरची वाट धरणार. तिनं यांतलं काही केलं नाही. खाली बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, हितं या. बसा. हिचं डोस्कं मांडीवर घ्या." आई बसली. वहिनीनं तिचा हात ओढून बांडीच्या पुढच्या पायामागं, बरगडीवर ठेवला. "हात काढू नगा. ठोका चुकला की मला सांगा." दादा जनावरांच्या डॉक्टरांना आणायला सायकल घेऊन पळाला. आई तशीच बसून राहिली. देवाचा उपास सोडायची वेळ टळून गेली तरी ती उठली नाही. "चुकला... आता बरा हाय... पुन्ना चुकला..." असं ती म्हणत होती आणि त्या वेळी तिच्या तोंडून "आहे" नव्हे, "हाय" येत होतं, हे तिचं तिलाच कळलं नाही.

डॉक्टर आले. समजूतदार माणूस. वहिनीनं पाटी पुढं केली तशी त्यांनी मान डोलावली. म्हणाले, पोरी, तू ओळखलंस तेच आहे. त्यांनी लाकडी कोळशाची बारीक पूड पाण्यात कालवून नळीनं पोटात घातली आणि बजावलं, हिला उठवू नका, हलवू नका, सावलीत शांत पडू दे. पुढचं तिच्या हातात. जाताना म्हणाले, जगली तर रवंथ करेल, त्यावरून ओळखा. मग आमचं सगळं घर एका शेळीच्या जबड्याकडं बघत बसलं. वडील आरामखुर्ची ओढून ओसरीवर आले. शेजारणी डोकावून गेल्या. वहिनी ओल्या फडक्यानं बांडीचं तोंड पुसत होती. दिवेलागणीला मी कंदील पुसून लावला आणि ओसरीवर आणून ठेवला, तेव्हा बांडीचा खालचा जबडा हलला. एकदा. मग थांबला. मग पुन्हा हलला आणि हलतच राहिला, डावीकडून उजवीकडं, अगदी सावकाश. "रवंथ! रवंथ करतीया!" आई अशी ओरडली की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. माझ्या आईनं सुनेच्या गळ्यात पडून रडलेलं मी आयुष्यात एकदाच बघितलं, ते त्या दिवशी. आणि सगुणावहिनी, जिला मी कधी हरलेली बघितली नाही, तीही हमसून हमसून रडत होती.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. शेळी जगणं हा दैवाचा भाग, त्यात कुणाची हार-जीत नाही. पण पुढचा सोमवार श्रावणातला शेवटचा होता. देऊळ बायकांनी भरलेलं. आरती झाली, गाभाऱ्यातून निर्माल्याच्या पाट्या भरभरून बाहेर आल्या आणि गुरवीण त्या घेऊन नेहमीप्रमाणे मागच्या गोठ्याकडं निघाली. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. ती पाऊल उचलणार, तेवढ्यात गर्दीतून आई पुढं झाली आणि गोठ्याच्या दारात दोन्ही हात आडवे धरून उभी राहिली.

"थांब. ह्ये गाईला घालू नगं."

गुरवीण चक्रावली. "आवं, तुमच्याच झाडाची फुलं हायती की."

"माझ्याच झाडाची. म्हणून मीच आडवी आली. ह्यात इख हाय. सुकली की जनावर खातं आन् मरतं. तुजी कालवड दृष्टीनं न्हाई गेली, बाई. माझ्या फुलांनी गेली."

कुणीतरी मागून म्हणालं, "कुणी सांगितलं ह्ये तुमाला?"

आईनं वळून वहिनीकडं बोट केलं. "माझ्या सुनंनं. पयल्या दिवशी सांगितलं, म्यां ऐकलं न्हाई. ती मेंढक्याची लेक हाय." आणि मग एक श्वास घेऊन, अख्ख्या गल्लीसमोर, इतकी वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते तिनं स्वतःच उघडं केलं. "मीबी मेंढक्याचीच लेक हाय. मी इसरली हुती. ही न्हाई इसरली."

त्या काळात, चारचौघांत, देवळात, सासूनं सुनेकडं बोट दाखवून आपली चूक सांगितली... मी तिथं होते, म्हणून विश्वास ठेवते. गुरवीण बिचारी पाटी धरून म्हणाली, "मग देवाचं ह्ये टाकायचं कुटं?" आणि आमची वहिनी, जिला आता बोलायला कुणाची परवानगी लागणार नव्हती, पदर खोचत पुढं झाली. "मातीत पुरायचं. देवाचं मातीला दिलं तर देव काय रागवतोय व्हय!" त्याच दिवशी देवळामागं खड्डा खणला गेला. पहिली कुदळ आईनं मारली.

राहिला प्रश्न आमच्या दारातल्या कण्हेरीचा. देवाचं झाड तोडायचं तर देवाला विचारायला हवं. आईनं घरच्या देवाला कौल लावला, म्हणजे देवाच्या दोन्ही अंगांना ओली करून एकेक पाकळी चिकटवायची आणि उजवीकडची आधी पडली तर होकार समजायचा. डावीकडची पडली. आई म्हणाली, देवाला नीट ऐकू गेलं नसेल. पुन्हा लावला. पुन्हा डावीकडची. वडील पेपरातून डोकं काढून म्हणाले, "झालं, देव नाही म्हणतोय." आई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा, तो विचार करतोय." शेवटी उजवीकडची पडेपर्यंत आई पाटावरून उठलीच नाही. देवाला बहुतेक समजलं असावं की या दोन बायका आता एका बाजूला आहेत, तेव्हा आपलं काही चालायचं नाही. मग दादानं मुळासकट सगळी कण्हेर काढली. एक काटकी चुलीत घालू दिली नाही वहिनीनं, धूरसुद्धा वाईट म्हणून. सगळी खोल पुरली.

अंगण बोडकं दिसायला लागलं. आता लावायचं काय? वहिनीनं कायदा केला. शेळी खात नाही ते झाड नको. शेळीनं खाल्लं तरी चालेल, असंच झाड लावायचं. गल्ली हसली. "सुनंनं शेळीला ताटच वाढलं की!" पण त्याचं उत्तर तिच्याकडं होतं. दूध-लोणी मांजरापासून राखायला आपण शिंक्यात टांगतो, मग झाड का नाही? माहेरच्या लोकरीचे पीळदार दोर वळून तिनं शिंकी केली, त्यांत फुटक्या घागरी, गाडगी बसवली आणि ओसरीच्या वाशांना ओळीनं टांगली. मोगरा, गुलाब, अबोली, गवती चहा. जास्वंद कुंपणाच्या आत. तगर आईला हवी होती, देवाला पांढरं फूल म्हणून, पण पान मोडल्यावर चीक निघाला, नापास. कर्दळ मात्र सन्मानानं पुन्हा लावली गेली. झाड आणि जनावर यांची पत्रिका ती अशी जुळवायची की एखाद्या भटजींनी शिकून घ्यावं. दुसऱ्या वर्षी श्रावणात गल्लीभर ओसऱ्यांवर शिंकी डोलत होती आणि बांडी खाली दोन करडं घेऊन वर बघत बसलेली असायची. कधीमधी एखादी फांदी लोंबायची आणि खाल्ली जायची. कुणाच्या काळजाचा ठोका चुकत नव्हता.

त्यानंतर माझं लग्न झालं आणि मी सांगलीजवळ माधवनगरला आले. आमचे हे कापडगिरणीत होते. वहिनी पहिल्यांदा मला भेटायला आली ती ओल्या पोत्यात मोगऱ्याच्या आणि जास्वंदीच्या काड्या गुंडाळून. माझी खुशाली नाही विचारली. उंबऱ्यातच पहिला प्रश्न, "वन्सं, घरात जनावर कोन कोन हाय?" माझ्या सासूबाईंनी एक पोपट आणि एक कुत्र्याचं पिल्लू पाळलं होतं. वहिनीनं चप्पल काढायच्या आधी ओसरीवरून एक फेरी मारली, कडेला लावलेल्या शेराच्या, म्हणजे त्या बिनपानांच्या चिकाळ झाडाच्या, कुंडीपाशी थांबली आणि म्हणाली, "ह्याचा चीक पिल्लाच्या डोळ्यांत गेला तर आंधळं हुईल." सासूबाईंच्या कपाळावर आठी चढली. मी डोळे मिटून घेतले. पण वहिनी त्यांच्याजवळ बसली आणि तिनं बांडीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. कण्हेरीची, देवळाची, तीन-तीनदा लावलेल्या कौलाची. कर्दळीचीसुद्धा सांगितली, आणि त्यावर सासूबाई इतक्या हसल्या की पोपट ओरडायला लागला. संध्याकाळी शेर गेला आणि आमच्या दारात पहिलं शिंकं टांगलं गेलं. मग शेजारीपाजारी, मग त्यांच्या लेकी-सुना. कुणाच्या घरी मांजर आणलं, कुणी गाय घेतली की बाई विचारत, "साताऱ्याची वहिनी कवा येणार?"

आई गेली तेव्हा तिचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. जाण्याआधी तिनं डोळे उघडून वहिनीकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "कर्दळ." वहिनी मला नंतर म्हणाली, "वन्सं, जाता जाता बी जितून गेली बघा."

परवा वहिनीच्या चौदाव्याला सगळे जमलो होतो. ओसरीवर खुर्ची ठेवून तिच्यावर वहिनीचा फोटो मांडला होता. वर वाशांना शिंकी अजून आहेत. दोर बदललेत, एका शिंक्यात मोगऱ्याला कळ्या आल्या होत्या. हार स्नेहलनं स्वतः ओवला होता. बाजारातला आयता आणू दिला नाही तिनं. गुलाब, मोगरा, मधे मधे जास्वंद. आत पानं वाढली जात होती, ओसरीवर मी एकटीच होते. एवढ्यात मागच्या अंगानं बांडीच्या वंशातलं एक करडू सुटून आलं. तेच काळं अंग, तेच पांढरे पट्टे. सरळ फोटोपाशी गेलं, पुढचे दोन्ही पाय खुर्चीवर ठेवले आणि हार ओढून खायला लागलं. आतून पाहुण्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "अहो, हाकला, हाकला त्याला!" विलास पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभा राहिला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.

"खाऊ द्या," स्नेहल आतून येत म्हणाली. "आजींना चालणारीच फुलं आहेत ती."

करडानं शेवटच्या पाकळीपर्यंत हार खाल्ला. फोटोतली वहिनी बघत होती.